घरी बांधलेल्या गाडीची पेडलं कशी बसवावीत

चेसी उभी राहिली, इंजिन बसलं, की पेडलं लावायची घाई होते. आधी सीट पक्की करा. पेडलं सीटवरून ठरतात, सीट पेडलांवरून नाही.

सीट तात्पुरती आवळा आणि गाडी चालवताना जे बूट घालणार तेच घालून बसा. कोल्हापुरी पायताणावर माप घेऊ नका. त्याची टाच मोकळी असते आणि चालवताना ती पेडलाखाली अडकू शकते. क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. टाच जिथं टेकते तिथं पत्र्यावर खडूने खूण करा. मग जाड पुठ्ठ्याची पेडलं कापून जागेवर धरून बघा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या कडांमध्ये मी साधारण ६० मिमी ठेवतो. तुमचा बूट रुंद असेल तर वाढवा.

ब्रेकवर मात्र वेळ घालवा. पिव्होटपासून, म्हणजे पेडल ज्या पिनेवर फिरतं तिथून, पॅड (पाय ठेवायची पट्टी) २५० मिमी आणि पुशरॉड (पेडल पुढे ढकलतं ती दांडी) ५० मिमी असेल, तर पायाचा जोर पाचपट होतो. घाबरून ५० किलोने पाय मारला, की मास्टर सिलिंडरवर, म्हणजे ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्यावर, २५० किलो येतात आणि तेवढाच जोर तो ज्यावर बसवलाय तो पत्राही सोसतो. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पाच ते सहापट ठेवा. पेडल बॉक्स, म्हणजे पेडलं धरणारी चौकट, ३ मिमी प्लेटवर, मागून पट्ट्या वेल्ड करून बसवा, बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या. मग एकाला जोरात ब्रेक दाबायला सांगून तुम्ही पुढून पत्रा बघा. तो वाकत असेल तर पेडल मऊ लागतं आणि आपण उगाच पुन्हा पुन्हा ब्रेकमधली हवा काढत बसतो.

पिव्होटला गनमेटलचा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, हवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर तो करून मिळतो. पेडल आडवं हलता कामा नये, पण सोडल्यावर अडखळताही कामा नये.

आता पुशरॉडचा प्ले, म्हणजे दांडी पिस्टनला टेकण्याआधीची मोकळी जागा. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, ज्यातून ऑइल टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ते बंदच राहतं. ऑइल तापतं, फुगतं, त्याला जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप लागतात. पेडल कडक लागावं म्हणून मी हा प्ले शून्य केला होता. शेडच्या आवारात चार फेऱ्या झाल्या आणि गाडी ढकलली तरी हलेना. पुढच्या डिस्कला हात लावता येत नव्हता. म्हणून पुशरॉडला १ मिमी प्ले सोडाच. पॅडवर तो सुमारे ५ मिमी जाणवेल. पुशरॉड पेडलाला जोडणाऱ्या फोर्कमध्ये दांडीचे आटे तिच्या जाडीच्या दीडपट तरी शिरू द्या, लॉक नट आवळा आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला.

क्लच सोपा आहे. मारुती ८०० चा गिअरबॉक्स असेल तर क्लच वायरवर चालतो; पॅडवर १५ ते २० मिमी प्ले ठेवा.

ॲक्सिलरेटरला पेडलामागे स्टॉपर लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका. बटरफ्लाय (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) पूर्ण उघडतो त्याच क्षणी पेडल स्टॉपरला टेकलं पाहिजे, नाहीतर पायाचा सगळा जोर वायरवर येऊन ती तुटते. परतीच्या स्प्रिंगा दोन लावा. एक तुटली तरी दुसरी पेडल मागे आणते.

शेवटी गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. ब्रेक दाबून सोडा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. मग एक मिनिट पाय दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर कुठंतरी गळती आहे. पहिली चाचणी बंद आवारातच घ्या, कारण नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. ब्रेक गरम झाल्यावर पुशरॉडचा प्ले पुन्हा तपासा, आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. नट सैल झाला तर ती रेघ सरकलेली दिसते.