पर्यावरण धोरण लिहायचंय? आधी बिलांची फाईल काढा

मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या छोट्या कारखान्यांकडे हल्ली एक फॉर्म येतो. त्यात एक रकाना हमखास असतो: 'आपले सस्टेनेबिलिटी धोरण (म्हणजे पर्यावरण धोरण) आहे का? असल्यास प्रत जोडावी.' शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला. तेव्हापासून त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांनाही हेच प्रश्न विचारायला लागल्या. इंदूरच्या सांवेर रोडवर आमचा नमकीनचा कारखाना आहे, हिशेब आणि ऑफिस मी बघते, म्हणून फॉर्म येतो तो माझ्याच टेबलावर.

असा फॉर्म आला की सगळ्यांना एकच सुचतं. नेटवरून दोन पानं उतरवायची, वर आपलं लेटरहेड चढवायचं, 'आम्ही पर्यावरण रक्षणास कटिबद्ध आहोत' म्हणायचं आणि शेठची सही घ्यायची. असलं काही करू नका. वर्षभरात कोणीतरी ऑडिटला येणार आणि विचारणार, कटिबद्ध म्हणजे किती युनिट?

सुरुवात गेल्या बारा महिन्यांच्या बिलांपासून करा. वीज, जनरेटरचं डिझेल, गॅस, पाण्याचे टँकर, पॅकिंग फिल्मची खरेदी आणि भंगारवाल्याच्या पावत्या. एक्सेलच्या एकाच पानावर महिन्यांप्रमाणे मांडा आणि शेजारच्या रकान्यात त्या महिन्याचं उत्पादन टनांत लिहा. हा शेजारचा रकाना नसेल तर बाकीचं सगळं फुकट. समजा, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात १८,००० युनिट जळाले आणि ६० टन माल निघाला, म्हणजे टनाला ३०० युनिट. मंदीच्या महिन्यात बिल आलं ११,००० युनिटचं, माल निघाला ३० टन. शेठ खूश, बिल उतरलं म्हणून. प्रत्यक्षात टनामागे सुमारे ३६७ युनिट गेले, कारण मशीन अर्ध्या मालावर पूर्ण वेळ चालली. म्हणून उद्दिष्ट ठरवायचं ते नेहमी टनामागे. एकूण बिलाचं उद्दिष्ट ठेवलंत तर धंदा बसला की आपोआप 'पर्यावरण सुधारलं' असं दिसतं.

फॉर्ममध्ये कार्बनचा आकडा मागितला तर घाबरून कन्सल्टंट शोधू नका. ढोबळ हिशेब घरचा आहे. ग्रिडच्या विजेच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या एका लिटरला सुमारे २.७ किलो, एलपीजीच्या एका किलोला सुमारे ३ किलो. म्हणजे १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर साधारण ५७ किलो. गुणाकार करा, बेरीज करा, कुठला आकडा कुठून घेतला ते खाली लिहा.

आता कारखान्यात फिरा. एकट्याने नाही, इलेक्ट्रिशियन, स्टोअरवाला आणि भट्टीवरचे उस्ताद यांना बरोबर घ्या. ऑफिसात बसून सुचतात ते दिवे, पंखे आणि एसी. एसी २४ वर ठेवावा हे खरंच आहे, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, तेव्हा जळालेल्या पंख्याची मोटर पुन्हा गुंडाळून आणू नये, हेही धोरणात यावं. पण आमच्यासारख्या ठिकाणी खरी गळती असते कॉम्प्रेसरच्या हवेत. पॅकिंग मशीन हवेवर चालतात, आणि हवा गळते तेव्हा तेलासारखा डाग पडत नाही, कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

ती मोजायला पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा कोणी वापरत नाही, तेव्हा एकदा दाब भरला की त्याने गप्प बसायला हवं. तो पुन्हापुन्हा लोडवर येत असेल, म्हणजे हवा भरायला लागत असेल, तर हवा कुठेतरी जातेय. घड्याळ लावून लिहा: लोडवर किती सेकंद, अनलोडवर (हवा न भरता) किती सेकंद. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर, एवढे टक्के हवा वाया. २० ते ३० टक्के निघणं हे काही नवल नाही. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घ्या, एकेका जोडावर लावत चला, बुडबुडे येतील तिथे खडूने खूण. बहुतेक ठिकाणी पाइपची क्लिप किंवा जुनी नळी निघते. त्याच फेरीत दाबही बघा. मशीनला लागतो त्यापेक्षा एक बार (दाबाचं माप) जास्त लावून ठेवला असेल तर ६ ते १० टक्के वीज नुसती त्यात जाते, आणि 'साहेब, थोडा ज्यादा रखा है, सेफ्टी के लिए' हे उत्तर तुम्हाला मिळणारच.

दुसरी जागा तळणीची. यात मन मोठं करून काही ठरवायचं नाही, कायदाच आहे. वापरलेल्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल चालत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तळणीला रोज ५० लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. त्याचं पुढे बायोडिझेल होतं. धोरणात मात्र एक ओळ स्पष्ट लिहा: वापरलेलं तेल रोखीने कोणालाही विकायचं नाही. दारात येऊन चांगला भाव देणारा माणूस ते कुठल्या हातगाडीवर नेतो, हे सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री खाणाऱ्या इंदूरकराला वेगळं सांगायला नको.

तिसरी जागा पॅकिंग फिल्मची. चकचकीत, अनेक थरांची फिल्म भंगारात कवडीमोलाने जाते, कारण थर सुटे करणं अवघड. ती वाया जाते मुख्यतः चव बदलताना, मशीनचं सेटिंग जमेपर्यंत. पॅकिंगच्या शेजारी एक काटा ठेवा, शिफ्ट संपताना फिल्मचा कचरा तोलून पाटीवर लिहायला लावा. आम्ही एवढंच केलं, आणि सुपरवायझरने आपणहून रतलामी शेवेच्या पाळ्या सलग आणि लवंग शेवेच्या सलग लावल्या, म्हणजे चव कमी वेळा बदलते.

कचऱ्याबद्दल इंदूरकरांना शिकवण्यासारखं फार नाही. २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा नंबर सलग पहिला आला, घराघरात सहा प्रकारचा कचरा वेगळा होतो, आणि ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्या प्लांटची क्षमता सुरुवातीला रोज ५५० टनांची होती. पण घरी शहाणा असलेला माणूस कारखान्यात हात झटकतो. डबे ठेवल्यावर आमच्या कँटीनच्या मावशी म्हणाल्या, "ताई, डबे आले खरे, पण पोळीचा तेलकट फॉइल कुठल्या डब्यात टाकायचा ते कोण सांगणार? सगळे मलाच विचारतात." मग आम्ही डब्यांवर नावांऐवजी खऱ्या वस्तू चिकटवल्या: चहाचा कप, फॉइल, फाटका हातमोजा, जुना सेल. वाद मिटला.

पाण्यासाठी टँकर, बोअर आणि नर्मदेची लाईन यांना वेगवेगळे मीटर बसवा. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणलेलं असतं, तेव्हा त्याने अंगण धुणं म्हणजे वीजच ओतणं.

एवढं हातात आलं की धोरण एका पानात बसतं. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: काय, आज किती, केव्हापर्यंत किती, आणि कोण. 'कोण' म्हणजे हुद्दा, खातं नव्हे. 'हवेची गळती: आज २६ टक्के, ३१ मार्चपर्यंत १० टक्के, जबाबदारी शिफ्ट इलेक्ट्रिशियन' अशी ओळ चालते. 'ऊर्जाबचतीस प्रोत्साहन' ही ओळ खोडा. पाच-सहा ओळी पुरेत. ५ जूनला, पर्यावरण दिनी, रोप लावून फोटो जरूर काढा, पण तो धोरणात घालू नका.

शेठकडे नेताना रुपयांचा रकाना आधी ठेवा. आमचे शेठ पृथ्वीबद्दल ऐकून मान डोलावतात, कॉम्प्रेसरच्या महिन्याच्या खर्चाबद्दल ऐकून चष्मा लावतात. सही झाली की पान हिंदीत करा; भट्टीवरची बहुतेक मंडळी मराठी वाचत नाहीत आणि इंग्रजी तर भिंतीला शोभा म्हणूनच लागते. भट्टी, पॅकिंग, स्टोअर, प्रत्येक जागी फक्त तिथल्या ओळी लावा. वाचलेल्या पैशातला काही भाग त्या खात्याच्या दिवाळीच्या बोनसमध्ये जाईल असं आधीच वदवून घेतलंत तर पुढचा पाठपुरावा निम्मा कमी होतो.

दर महिन्याला वीजबिल आलं की त्याच आठवड्यात अर्ध्या तासाची बैठक घ्या. चहा ठेवा, आकडे वाचा, जो आकडा हलला नाही त्याच्या माणसाला एकच विचारा: काय अडलंय? बहुतेक वेळा एखाद्या पाचशे रुपयांच्या सुट्या भागाची मागणी स्टोअरला पडून असते.

पाकिटावर मात्र घाईने हिरवं पान छापू नका. पर्यावरणाबद्दलच्या फसव्या दाव्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आहेत. 'पर्यावरणपूरक' म्हणायचं तर पुरावा लागतो. पुराव्यासाठी एक जाड फाईल करा: तेल संकलकाच्या पावत्या, भंगाराच्या वजनाच्या चिठ्ठ्या, मीटरचे तारखेसकट फोटो, बैठकीच्या सह्या. फॉर्ममध्ये ज्या प्रश्नाचं कागदावर काही नसेल तिथे सरळ 'नाही' लिहा आणि शेजारी केव्हा सुरू करणार तो महिना.