नाशिकहून लंडनला येणाऱ्या रसिकांसाठी: वाद्यवृंदाच्या मैफलींची वाट

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नाशिकहून लंडनला येणारी मंडळी घर, बँकेचे खाते आणि रेल्वेचे कार्ड यांची चौकशी निघण्याआधीच करून ठेवतात. संगीताची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. त्यामुळे कालिदास कलामंदिरात आणि पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला ज्यांचा कान तयार झाला, तेही इथली पहिली काही वर्षे मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत काढतात आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जगातले उत्तमोत्तम वाद्यवृंद अर्ध्या तासाच्या अंतरावर वाजत असताना त्या सभागृहांची पायरीही चढत नाहीत. हे टाळता येण्यासारखे आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही, म्हणून हा प्रपंच.

सप्टेंबरात येणाऱ्यांचा मुहूर्त उत्तम असतो, कारण मोठ्या वाद्यवृंदांचा हंगाम त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन जूनपर्यंत चालतो. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा 1904 साली आणि लंडन फिलहार्मोनिक 1932 साली स्थापन झाला. पहिल्याचे घर बार्बिकन सेंटर, तर दुसऱ्याचे थेम्सच्या दक्षिण काठावरचे, 1951 मध्ये उघडलेले रॉयल फेस्टिव्हल हॉल. पुढच्या हंगामाचा कार्यक्रम आदल्या वसंतातच जाहीर होत असल्यामुळे तो नाशिकला बसूनही पाहता येतो. हंगाम संपला की जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स हा महोत्सव असतो, ज्यात जवळजवळ रोज मैफल होते. 1895 साली क्वीन्स हॉलमध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाने पहिल्यापासून स्वस्त तिकिटांचा नेम ठेवला. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात ते सभागृह जळाले, तेव्हा तो अल्बर्ट हॉलमध्ये आला आणि तिथेच राहिला.

तिकिटांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नवी मंडळी याच ठिकाणी बिचकतात. प्रॉम्समध्ये रंगमंचापुढच्या मोकळ्या जागेत आणि अगदी वरच्या सज्जात उभ्याने ऐकण्याची तिकिटे त्याच दिवशी सकाळी संकेतस्थळावर खुली होतात. अलीकडच्या हंगामांत त्यांची किंमत 8 पौंड होती. लवकर रांगेत उभे राहणाऱ्याला व्हायोलिनवादकांपासून काही पावलांवर जागा मिळते, जी पाचपट पैसे देऊनही खुर्चीवर मिळत नाही. पाय दुखत असतील तर वरचा सज्जा बरा. तिथे लोक चक्क जमिनीवर बसून किंवा आडवे पडून ऐकतात आणि त्याला कोणाची हरकत नसते. विगमोर हॉल हे 1901 सालचे छोटे सभागृह आहे. तिथे वाद्यवृंदाऐवजी चार वादकांची चौकडी, गायन आणि एकल वादन ऐकायला मिळते. पस्तिशीच्या आतल्यांसाठी अनेक मैफलींना 5 पौंडांची तिकिटे असतात. बार्बिकनची तरुणांसाठीची सवलत योजना 25 वर्षांपर्यंत आहे आणि तिचे सदस्यत्व विनामूल्य मिळते. रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज आणि गिल्डहॉल या संगीतशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळ मैफली फुकट असतात. त्या वादनाला विद्यार्थ्यांचे म्हणून कमी लेखू नये, कारण उद्याचे व्यावसायिक वादक तेच आहेत. तिकीट नेहमी सभागृहाच्या किंवा वाद्यवृंदाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावे. मधल्या विक्रेत्यांकडे तेच तिकीट चढ्या भावाने मिळते.

फेस्टिव्हल हॉलमध्ये रंगमंचाच्या मागे समूहगायकांच्या जागा आहेत. गायकवृंद नसेल त्या दिवशी त्या स्वस्तात विकल्या जातात, आणि पहिल्या मैफलीला मी प्रत्येकाला तिथेच बसायला सांगतो. तिथून संचालकाचा, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा, चेहरा समोर दिसतो. त्याचा डावा हात हळूच वर आला की क्षणभराने चेलोंचा, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनांचा, सूर फुगतो, नजर मागे वळली की शिंगे बोलू लागतात. कोण कधी आणि का वाजवतो हे डोळ्यांना दिसले की कानालाही उलगडते. मात्र गायन असेल, किंवा वाद्यवृंदापुढे सतार वा तबला असेल, तर या जागा टाळाव्यात, कारण कलाकाराची पाठ आपल्याकडे असते आणि ध्वनिक्षेपकांची तोंडेही समोरच्या श्रोत्यांकडे वळवलेली असतात.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. संचालक येण्याआधी ओबो नावाचे सुषिर वाद्य एक लांब स्वर धरते आणि त्यावर सगळा वाद्यवृंद जुळवून घेतो. हे जुळवणे आपल्याला आपलेसे वाटते, पण नंतर तो आधारस्वर नाहीसा होतो. तानपुरा नाही म्हणून नव्हे, तर षड्जच जागा बदलत राहतो म्हणून आपला कान पहिल्यांदा गोंधळतो. त्याला माझा उपाय असा की वरच्या सुरावटीचा पिच्छा सोडून चेलो आणि डबलबास यांच्या खालच्या स्वरांवर लक्ष ठेवावे; जमीन कुठे सरकते आहे हे तिथे कळते. मैफलीतली मुख्य रचना जाण्यापूर्वी दोनदा तरी ऐकून जावी. कागदावरून वाजवणाऱ्यांना कमी समजण्याची सवय आपल्याकडे अनेकांना असते, ती सोडावी. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या आणि उत्तरायुष्यात पंचवटीत आश्रम उभारणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वतः स्वरलेखनाची पद्धत तयार केली होती, आणि ज्यांचे गाणे आपण आजही जिवापाड जपतो ते त्यांचे पुत्र पंडित द. वि. पलुसकर 1921 साली नाशिकमध्येच जन्मले.

ज्यांना थेट बेथोव्हेनसारख्या पाश्चात्त्य रचनाकाराकडे जाणे जड वाटते, त्यांनी पंडित रविशंकरांच्या वाटेने जावे. लंडन सिंफनीच्या मागणीवरून लिहिलेली त्यांची पहिली सतार कंचेर्टो, म्हणजे एकल सतार आणि वाद्यवृंद यांची रचना, 1971 च्या जानेवारीत आंद्रे प्रेविन यांच्या संचालनाखाली फेस्टिव्हल हॉलमध्ये सादर झाली. तिच्या चार भागांत खमाज, सिंधू भैरवी, अडाणा आणि मांज खमाज आहेत. त्यांच्या नव्वदाव्या वर्षी, 2010 च्या जुलैत, त्याच सभागृहात त्यांची सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, लंडन फिलहार्मोनिकने डेव्हिड मर्फी यांच्या संचालनाखाली वाजवली आणि सतारीवर अनुष्का शंकर होत्या. त्या सिंफनीच्या संथ भागातला अहिर भैरव नाशिकच्या श्रोत्याला कोणी सांगावा लागत नाही. सुकन्या आणि च्यवनाच्या महाभारतातल्या कथेवरचा रविशंकरांचा ऑपेरा 2017 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, रंगमंचावर आला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला, अमेरिकी रचनाकार फिलिप ग्लास यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘पॅसेजेस’ ही रचना प्रॉम्समध्ये पूर्णपणे सादर झाली.

उस्ताद झाकिर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना 2015 मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर प्रथम सादर झाली आणि 2019 मध्ये तोच वाद्यवृंद ती घेऊन लंडनला आला. निघायला अवकाश असेल तर या वाद्यवृंदाची एक मैफल नरिमन पॉइंटला जाऊन ऐकावी. त्याइतकी चांगली पूर्वतयारी दुसरी नाही. तरीही माझे प्रामाणिक मत सांगतो. अशा मिश्र रचनांत अनेकदा एकल वाद्य मोकळे फिरते आणि साठ-सत्तर वादकांच्या वाट्याला नुसते स्वर धरून बसणे किंवा तीच ओळ पुन्हा म्हणणे येते. वाद्यवृंदाचे खरे बळ अनेक सुरावटी एकाच वेळी चालवण्यात आहे, आणि ते ऐकायचे तर ब्राम्स, द्वोराक, सिबेलियस यांच्याकडेच जावे लागते. भारतीय नाव दिसले तरच तिकीट काढायचे, हा नेम करू नये.

सभागृहातले रिवाज थोडेच आहेत. पोशाखाचे बंधन नाही. उशीर झाला तर वादनात सोयीचा विराम येईपर्यंत बाहेर थांबावे लागते. रचनेच्या दोन भागांमध्ये बहुतेक लोक टाळ्या वाजवत नाहीत. संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे. ‘क्या बात है’ मनातच ठेवावे लागते, आणि आपल्या श्रोत्याला ते खरोखर कठीण जाते. दाद मोकळेपणाने द्यायची असेल तर शरद ऋतूत दरबार महोत्सवाला किंवा वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात जावे. तिथल्या श्रोत्यांत तुम्हाला सोबतही मिळेल. 1932 पासूनच्या महाराष्ट्र मंडळातही गाण्याच्या ओढीने येणारी माणसे भेटतात, आणि सोबत असली की हिवाळ्यातल्या अंधारात घराबाहेर पडणे सोपे जाते.

राहण्याची जागा ठरवताना एवढे पाहावे: हॅरोला राहिलात तर बार्बिकनहून मेट्रोपोलिटन लाइन गाडी न बदलता घरी नेते, वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने वॉटर्लूला उतरले की फेस्टिव्हल हॉल चालत गाठता येते, आणि हाऊन्स्लोकरांना पिकॅडिली लाइनने साउथ केन्सिंग्टनला उतरून भुयारी वाटेने अल्बर्ट हॉलकडे जाता येते. पिकॅडिली आणि ज्युबिली शुक्रवारी-शनिवारी रात्रभर चालतात, मेट्रोपोलिटन चालत नाही. म्हणून हॅरोच्या मंडळींनी शेवटच्या गाडीची वेळ मैफलीला निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.