सागोट गुलामान: फिलिपिन्सचं थंडगार पेय घरी कसं करावं

मनिलात दुपारचे तीन वाजले की मेरिएंडाची, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याची वेळ होते. रस्त्याकडेच्या टपरीवर उंच पारदर्शक भांड्यांत तपकिरी पाणी भरलेलं असतं, वर बर्फ तरंगत असतो आणि तळाशी मोठ्या साबुदाण्यासारखे मोती बसलेले असतात. विकणारी बाई लांब दांड्याचं ओगराळं थेट तळापर्यंत नेते, मोती आणि जेली वर उचलते आणि ग्लासात ओतते. सोबत गरम तुरोन, म्हणजे केळ्याचा साखरेत घोळून तळलेला रोल. हे पेय म्हणजे सागोट गुलामान.

सागो म्हणजे मोती, गुलामान म्हणजे समुद्री शेवाळापासून होणारी जेली, आणि मधला ‘ट’ हा तागालोग भाषेतल्या ‘आणि’चा आखूड उच्चार. पण या पेयाचा जीव ज्यात आहे, ती तिसरी गोष्ट नावात येतच नाही. ती म्हणजे आर्निबाल, करपू न देता खरपूस केलेल्या साखरेचा पाक. हा शब्द स्पॅनिश ‘अल्मीबार’वरून आला. मोती आणि जेलीला स्वतःची चव जवळजवळ नसते, त्यामुळे पाक फसला तर ग्लासात नुसतं गोड पाणी उरतं. माझं सगळ्यात जास्त लक्ष म्हणूनच पाकावर असतं.

सहा ग्लासांसाठी: मोठे टॅपिओका (कसाव्याच्या पिठाचे) मोती 150 ग्रॅम, अगर-अगर पावडर 2 चहाचे चमचे (किंवा चायना ग्रासच्या 10 ग्रॅम काड्या), गडद ब्राऊन शुगर 350 ग्रॅम, पंदान या सुवासिक रोपाची दोन पानं, पाणी आणि भरपूर बर्फ.

मोती

सागो हे मुळात सागो नावाच्या ताडाच्या खोडातलं पीठ. आता मात्र बाजारातले बहुतेक मोती कसाव्याच्या कंदाचे असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, आणि त्याचं नावही मलाय ‘सागू’शी जोडलेलं. एवढं जवळचं नातं असल्यामुळेच आपल्या हातून नेमकी चूक होते. पहिल्या वेळी मी सवयीने मोती रात्रभर भिजत घातले आणि सकाळी पातेल्यात नुसती पिठाची लापशी होती. साबुदाणा तयार होतानाच त्याला उष्णता दिलेली असते, म्हणून तो भिजवणं सोसतो. हे कच्चे मोती गार पाण्यात विरघळतात.

म्हणून मोठ्या पातेल्यात 10 वाट्या पाणी खळखळून उकळू द्या आणि मगच मोती सोडा. पहिलं मिनिटभर तळापासून हलकेच ढवळत राहा, नाहीतर ते एकमेकांना आणि बुडाला चिकटतात. वर तरंगायला लागले की मध्यम आचेवर अर्धा तास शिजवा, आच बंद करा, झाकण ठेवा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. मग एक मोती काढून मधोमध कापून बघा. आत खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर चाळणीत ओतून धुवा आणि ताज्या उकळत्या पाण्यात आणखी वीस मिनिटं शिजवा. मोठ्या मोत्यांना ही दुसरी फेरी बहुतेक वेळा लागतेच. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला की थांबायला हरकत नाही, तेवढा तो बसल्याजागी शिजतो. शेवटी गार पाण्याखाली चोळून धुवा, म्हणजे वरचा चिकटा जाईल.

मोठे मोती मिळाले नाहीत तर पायसमसाठी मिळणारा मोठा साबुदाणा चालतो. तो लवकर शिजतो, पण दाताखाली तेवढा लवचिक लागत नाही.

गुलामान

हे काम सगळ्यात सोपं. 600 मिली गार पाण्यात अगर-अगर भुरभुरून ढवळा, उकळी आणा आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. काड्या असतील तर आधी अर्धा तास भिजवा आणि पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. थोडी साखर याच वेळी घाला, नाहीतर जेली फिकी लागते. ताटात बोटभर जाडीचा थर ओता. फ्रीजची गरज नाही, अगर 35 ते 40 अंशांच्या आसपास आपोआप धरतं. एकदा धरलं की पुन्हा वितळायला त्याला 85 अंशांच्या पुढची उष्णता लागते, म्हणून मनिलाच्या उन्हातही टपरीवरची जेली टिकून राहते. जिलेटिन इथे चालणार नाही: ते अशा हवेत पाघळतं आणि प्राणिजन्य असल्याने शाकाहारी घरात नकोच. घट्ट झालं की लहान चौकोनी तुकडे कापा.

आर्निबाल

जाड बुडाच्या कढईत निम्मी साखर कोरडीच घाला आणि मंद आचेवर ठेवा. दोन वाट्या पाणी शेजारी गरम करून ठेवा. कडेची साखर आधी ओलसर दिसते, मग वितळते. ती उलथन्याने मधे ओढत राहा. साखर मुळातच तपकिरी असल्यामुळे रंगावर विसंबून चालत नाही, नाकावर विसंबावं लागतं. आधी गुळाच्या काहिलीसारखा वास येतो, मग भाजल्याचा खरपूस वास, आणि पातळ धुराची पहिली रेघ दिसते. त्याच क्षणी आच बंद करून गरम पाणी थोडं थोडं घाला. पाक जोरात उसळतो, वाफ हातावर येते, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं वापरा आणि मुलांना दूर ठेवा. पाच-दहा सेकंदांचा उशीर झाला तर कडवटपणा जात नाही. तसा पाक सरळ टाकून नव्याने करावा.

आता उरलेली साखर आणि गाठ मारलेली पंदानची पानं घालून दहा मिनिटं उकळा. तार येऊ देऊ नका, गार झाल्यावर तो मधापेक्षा पातळच हवा. पंदानचं रोप आपल्याकडे काही नर्सऱ्यांत अन्नपूर्णा किंवा बासमती पान म्हणून मिळतं. आंबेमोहोर शिजताना जो वास सुटतो, त्याच जातीचा त्याचा वास. पानं नसतील तर व्हॅनिलाचे दोन थेंब घाला. तिकडे अनेक जण केळ्याचा इसेन्सही घालतात.

गुळाचं काय? फिलिपिन्समध्ये पानुत्सा म्हणून गुळासारख्याच ढेपा मिळतात आणि त्यांचाही आर्निबाल करतात. गूळ वापरायचा तर पाण्यात विरघळवून गाळून घ्या. चव छान येते, फक्त ती वेगळी, कडेच्या खरपूसपणाशिवायची.

ग्लास भरताना

मोती दोन-तीन मोठे चमचे, तेवढीच जेली, वर पाव ग्लास पाक, बर्फ आणि उरलेलं गार पाणी. बर्फ वितळणार आहे, म्हणून सुरुवातीला थोडं जास्तच गोड असू द्या. जाड स्ट्रॉ आणि लांब चमचा दोन्ही द्या. लहान मुलांना मोती चमच्यानेच, चावून खायला सांगा, स्ट्रॉने ओढताना ते घशात अडकू शकतात.

शिजलेले मोती फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ते कडक आणि पांढुरके होतात. थोड्या पाकात बुडवून बाहेरच ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. पाक मात्र बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो. तो उरलाच तर सकाळी ताहो करून बघा: मऊसूत गरम टोफू, वर मोती आणि हाच आर्निबाल.