संक्रांतीचं वाण फुटपाथवर नेताना

ग्वाल्हेरला संक्रांत येते ती ऐन कडाक्यात. जानेवारीत इथला पारा कधीकधी 5 अंशांच्याही खाली जातो, आणि त्याच दिवसांत आम्हा लष्कर भागातल्या मराठी बायकांची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालू असतात. प्लास्टिकचे डबे नि गाळण्या वाण म्हणून या घरातून त्या घरात फिरतात आणि माळ्यावर जाऊन पडतात. आमच्या भिशीतल्या बायकांनी ठरवलं, वाणाचे पैसे एकत्र करायचे आणि स्टेशनजवळ, पडावला, देवळांबाहेर ज्या बाया उघड्यावर रात्र काढतात त्यांच्याकडे वाण न्यायचं. तुम्हालाही करायचं असेल तर कसं, ते सांगते.

खरेदीच्या आधी एकदा दिवसाउजेडी जा आणि विचारा. शेजारी टेकून बसा, उभ्याने चौकशी नको. "अम्मा, रात को सबसे ज़्यादा तकलीफ़ काहे की है?" एवढं पुरतं. उत्तरं ऐकलीत की कळेल, ब्लँकेट हे दरवेळी पहिलं नसतं. थंडी सुरू झाली की ब्लँकेटं वाटणारे बरेच येतात. पण ती दिवसभर ठेवायची कुठे? डोक्यावर घेऊन फिरावं लागतं, नाहीतर चोरीला जातात. आणि गारवा वरून येतो त्याहून जास्त खालच्या फरशीतून चढतो. म्हणून अंथरायला काहीतरी द्या. दौलतगंजातल्या दुकानदारांकडून रिकामी खोकी मागून घ्या, ती उलगडून जाड थर करा, वर घडी होणारी प्लास्टिकची ताडपत्री. पैसा जवळजवळ लागत नाही, आणि पाठ कोरडी राहते.

वाणाच्या पिशवीत आम्ही घालतो लोकरीचे मोजे, कानटोपी, भेगांना लावायला व्हॅसलिनची लहान डबी, साबण, कंगवा, आणि तरुण बाया-मुलींसाठी पॅड. पॅड वेगळ्या काळ्या पिशवीत, बाईनेच बाईच्या हातात द्यायचे. स्वेटर देणार असाल तर पुढून बटणांचा घ्या. म्हाताऱ्या बायांचे खांदे आखडलेले असतात, डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना चढत नाही. कागदपत्रं ठेवायला चेनची प्लास्टिकची पिशवी जरूर घाला. आधार कार्ड भिजलं की पुढची कामं अडतात.

तिळगूळ मऊच हवा. मुरैन्याची गजक कितीही नावाजलेली असली तरी दात नसलेल्या माणसाने ती खायची कशी? चिक्कीचा गूळ घेऊ नका, पाकही करू नका. भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि किसलेला साधा गूळ एकत्र कुटून लाडू वळा. लहान मूलही खातं, आजीही खाते. मधुमेह आहे का, हे मात्र विचारून द्या. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी गरमागरम नेता आली तर फारच छान. भिंड-मुरैन्याकडून आलेल्यांना बाजरी घरची वाटते, आणि एखादी आपल्या गावची गोष्ट सांगायला लागली की ऐकत थांबा, घाई करू नका.

रात्री नऊच्या आत पोचा. झोपलेल्याला उठवू नका. दोघी-तिघी मिळून जा, घरातलं एखादं पुरुषमाणूस बरोबर असू द्या. गाडी लांब लावून पायी चला. गाडीच्या खिडकीतून वाटलं की झुंबड उडते आणि कोपऱ्यातली म्हातारी तशीच राहते. फोटो काढायचे नाहीत. कुणी नको म्हणालं तर नमस्कार करून पुढे.

सवाशीण की विधवा हे विचारायचंच नाही. वाण सगळ्यांना, आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" हेही सगळ्यांना. मराठी कळत नसलं तरी हसून हात पुढे होतो. आपल्या घरच्या हळदीकुंकवातही असंच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

नगर निगमचे रैन बसेरे, म्हणजे बेघरांसाठीचे रात्रनिवारेही आधी स्वतः पाहून या. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचा निकष 1 लाख लोकसंख्येमागे 100 जणांच्या निवाऱ्याचा होता. बायकांची खोली वेगळी आहे का, संडासाला कडी आहे का, नवरा-बायकोला एकत्र राहता येतं का, हे डोळ्यांनी बघा. नाहीतर "वहाँ चली जाओ" म्हणण्याला अर्थ नाही. जायला तयार असेल तिला रिक्षाने आत पोचवून या.

कुणी थंडीने कुडकुडायचंही थांबलं असेल, बोलणं अडखळत असेल, तर लगेच 108 ला फोन करा. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा, खालीही काहीतरी घाला, हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी 14567, मुलांसाठी 1098.

उरलेले मोजे आणि टोप्या जपून ठेवा. रथसप्तमीनंतर वाटणारे कमी होतात, फेब्रुवारीतल्या पहाटे मात्र गारच असतात. तेव्हा पुन्हा त्याच बायांकडे जा, आणि या वेळी काय हवंय ते पुन्हा विचारा.