हीट पंप गरम करतो, पण थंड करत नाही

माझ्या हीट पंपचं (गरम-थंड दोन्ही करणाऱ्या एसीचं) हीटिंग व्यवस्थित, पण कूलिंगवर टाकलं तरी आतून गरमच हवा. कॉम्प्रेसर आणि दोन्ही पंखे सुरू.

फिल्टर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, गॅसचा दाब तपासून घेतला. फरक शून्य, डोकं पिकलं.

दोष होता रिव्हर्सिंग व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये (वीज मिळाली की चुंबक बनणारं तारेचं वेटोळं). रेफ्रिजरंटची (आतल्या गॅसची) दिशा फिरवणारा हा चार नळ्यांचा व्हॉल्व्ह. माझ्या मॉडेलमध्ये त्याच्या कॉइलला कूलिंगलाच वीज मिळते (काहींत उलट असतं, वायरिंगचा नकाशा आधी बघा).

कूलिंग लावून कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. २४ व्होल्ट येत होते, म्हणजे वीज पाठवणारा कंट्रोल बोर्ड ठीक. मग मेन स्विच बंद केला, वायरी सोडवून रोध मोजला. मीटर अनंत दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटलेली. स्क्रू काढून कॉइल ओढून काढली, त्याच व्होल्टेजची नवी बसवली. नळ्या उघडाव्या लागत नाहीत, गॅस जात नाही. कॉइल व्हॉल्व्हवर पूर्ण बसल्याशिवाय मात्र वीज देऊ नका; नवीकोरीसुद्धा जळू शकते.

व्हॉल्व्हमधला स्लायडर दाबाच्या फरकाने सरकतो, म्हणून कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर थोडं थांबा. ‘फुस्स’ झालं की दिशा फिरली. कॉइल चांगली असून आणि वीज पोहोचूनही व्हॉल्व्ह हलत नसेल, तर बहुधा स्लायडर अडकलाय. ते काम ब्रेझिंगचं (नळ्या तापवून धातूने जोडण्याचं), तंत्रज्ञाकडेच द्या.