क्लाउनिंग शिकायचं असेल तर आधी प्रेक्षकांकडे बघायला शिका

नाटकातली बाकीची पात्रं एकमेकांशी बोलतात, विदूषक प्रेक्षकांशी बोलतो. कूडियाट्टम या केरळच्या जुन्या संस्कृत नाट्यपरंपरेत, आपल्या तमाशात आणि फ्रेंच पद्धतीने शिकवणाऱ्या क्लाउनिंगच्या वर्गात मला हे एकच सूत्र पुन्हा पुन्हा दिसलं. नव्याने या कलेत येणाऱ्यांना मी जे काही सांगते, ते याच्याच आधारावर.

आज जगभरच्या नाट्यशाळांत जे क्लाउनिंग शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं जाक लकॉक या फ्रेंच नाट्यशिक्षकांकडून आलेलं आहे. हे मूळचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. १९५६ साली त्यांनी पॅरिसमध्ये शाळा काढली. साठच्या दशकात एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना गोलात बसवलं आणि एकेकाला मध्ये येऊन इतरांना हसवायला सांगितलं. कोलांट्या झाल्या, कोट्या झाल्या, कुणी हसेना. हिरमुसून विद्यार्थी जागेवर परत जाऊ लागले, तेव्हा मात्र सगळे हसले. लकॉक यांच्या क्लाउनचा पाया हाच आहे: माणसाचा फसलेला, उघडा पडलेला क्षण, आणि तो लपवायचा सोडून प्रेक्षकांना दाखवण्याची तयारी. लाल नाकाला लकॉक जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हणत. म्हणून मुखवट्याचे नियम त्यालाही लागू होतात. प्रेक्षकांकडे पाठ करून ते चढवायचं आणि पाठ करूनच उतरवायचं.

वर्गातला सुरुवातीचा व्यायाम ऐकायला अगदी सोपा वाटतो. पडद्यामागून या, प्रेक्षक दिसले की थांबा, त्यांच्याकडे बघा. काही करू नका. एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुलांना हे फार जड जातं. स्पर्धेत ‘लाफ्टर घ्यायचा’ असतो: वाक्य टाकायचं, हशा ओसरेपर्यंत थांबायचं, पुढचं वाक्य टाकायचं. इथे हसलेला माणूस शोधायचा, त्याच्याकडे बघायचं, तो कशाला हसला हे ओळखायचं आणि तेच वाढवत न्यायचं. पाय अडखळल्यावर हशा आला, तर पुढची पाच मिनिटं त्या पायाची. ठरवून आणलेलं सगळं बाजूला ठेवावं लागतं. दोन-तीन आठवड्यांच्या कार्यशाळेत याची फक्त तोंडओळख होते. अंगी मुरायला नियमित प्रयोग लागतात, अनोळखी लोकांसमोर.

पण या कलेचं दार पॅरिसमध्येच उघडतं असं समजू नका. आपल्याकडचं धन मोठं आहे, आणि नाट्यशाळांतून ते फार कमी शिकवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा मित्र, तरी संस्कृत सोडून प्राकृत बोलतो. ‘शाकुंतल’मधला माधव्य आठवा. कूडियाट्टममध्ये ही सोय केवढी फुलवली आहे, ते प्रत्यक्ष बघायला हवं. नायक संस्कृत श्लोक म्हणतो आणि विदूषक लगेच मलयाळममध्ये प्रतिश्लोक म्हणतो, त्याच थाटाचा, पण पार खाली उतरवलेला. नायकाचं सगळं बोलणं तो लोकांच्या भाषेत उलगडून सांगतो. ‘सुभद्राधनंजय’ या संस्कृत नाटकातला विदूषक कौंडिण्य रंगमंचावर एकटा बसून चार पुरुषार्थ सांगतो, तेही त्याचे स्वतःचे: विनोद, अशन, राजसेवा आणि वंचन. म्हणजे चैन, जेवण, राजाची चाकरी आणि फसवणूक. हे सांगणं सलग काही रात्री चालतं. मागे मिळावू हा घड्यासारखा ढोल वाजत असतो, आणि समोर बसलेल्या कुणाचीही टर उडवायची त्याला मुभा असते. मलयाळम येत नसेल तरी जा. त्रिशूर जिल्ह्यात इरिंजालकुडा आणि चेरुतुरुत्ती, दोन्हीकडे ही परंपरा शिकवली जाते. चाक्यार, म्हणजे कूडियाट्टमचा परंपरागत नट, नजर कशी फिरवतो, थांबतो कुठे, एवढंच बघत बसलात तरी भरपूर मिळेल.

बालीच्या मुखवटानाट्यात पेनासर नावाचे सेवक असेच. राजे आणि देव ‘कावी’ नावाच्या जुन्या भाषेत बोलतात, आणि पेनासर ते बाली भाषेत उलगडतात, वर आजच्या गावातल्या गोष्टीही घालतात. विदूषकाचा आणि त्यांचा संबंध काय हा अभ्यासकांचा विषय, पण काम एकच.

आणि आपला सोंगाड्या! गवळणीत मावशी होऊन येतो, वगात शिपाई नाहीतर कुंभार होतो, आणि दर रात्री त्या गावाचा अंदाज घेऊन बोलतो. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार अजरामर केला तो याच हजरजबाबीपणावर. वगाची गोष्ट ठरलेली, संवाद मात्र बरेचसे उभ्या उभ्या रचलेले. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथे जाऊन हंगामातले खेळ कुठे आहेत ते विचारा आणि एकाच फडाचे लागोपाठ खेळ बघा. एकच प्रसंग दोन गावांत किती बदलतो, ते वहीत उतरवून ठेवा. जुन्या सोंगाड्यांशी बोलायला मिळालं तर ‘विनोद कसा करता’ विचारू नका. ‘पब्लिक थंड असलं की काय करता’ हे विचारा, मग ते भरभरून बोलतात.

सराव एकट्याने फारसा होत नाही. जोडीदार शोधा. सर्कशीतला रुबाबदार पांढरा क्लाउन आणि गबाळा ऑगुस्त, तमाशातले कृष्ण आणि पेंद्या: एक नियम लावतो, दुसऱ्याला तो पाळता येत नाही. जोडीत दोन्ही बाजू आलटून पालटून करा. बहुतेकांना गबाळ्याचीच भूमिका हवी असते, पण कडक बाजू नीट उभी राहिली नाही तर दुसऱ्याला धडपडायला आधारच राहत नाही.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. फक्त क्लाउनिंगवर घर चालवणारे माझ्या ओळखीत फार थोडे. बालनाट्य, शाळांतल्या कार्यशाळा, महोत्सव, नटांना शिकवणं, असं जोडून चालतं. पुण्याचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग इथे नाटकाचं रीतसर शिक्षण घेऊन मग याकडे वळलात तर हाताला दुसरंही काम राहतं. फ्रान्सला जायचंच असेल तर फ्रेंचची तयारी आधीपासून करा.

रुग्णालयात क्लाउन म्हणून काम करायची अनेकांना ओढ असते. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला बिग ॲपल सर्कसच्या मायकल क्रिस्टेन्सन यांनी ते संघटितपणे सुरू केलं, आता ते बऱ्याच देशांत चालतं. तिथे जोडीनेच जायचं, दारात थांबून मुलाला विचारायचं, आणि त्याने नको म्हटलं तर तिथूनच परत फिरायचं. सुई, गोळ्या, तपासण्या यांना त्याला नकार देता येत नाही, तुम्हाला देता येतो, आणि तो मानणं हाही खेळाचाच भाग आहे. रंगमंचावर किंवा रस्त्यावर दोन-एक वर्षं काढल्याशिवाय या कामाला हात घालू नका, आणि पहिले काही महिने अनुभवी जोडीदाराच्या मागेच राहा.