एका शेअरवरचा 'इन्कम' ईटीएफ घ्यायच्या आधी काय काय तपासायचं

माझे मामा पुण्यात असतात, नुकतेच रिटायर झालेत. मागच्या महिन्यात त्यांनी मला एक स्क्रीनशॉट पाठवला, टेस्लावरच्या एका अमेरिकन ईटीएफचा (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड), त्यावर ५० टक्क्यांच्या वर 'डिस्ट्रिब्यूशन रेट', म्हणजे वाटपाचा वार्षिक दर, आणि खाली प्रश्न, एफडी मोडून यात टाकू का. फोनवर तासभर जे बोललो ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न आता बरेच जण विचारतात आणि एफडीचा पैसा म्हणजे आयुष्यभराची कमाई असते.

आधी फंडाच्या पोटात काय आहे ते बघा. यील्डमॅक्स कंपनीचा टीएसएलवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तो टेस्लावर. मग एनव्हिडियावर एनव्हीडीवाय, कॉइनबेसवर सीओएनवाय, मायक्रोस्ट्रॅटेजीवर एमएसटीवाय असे एकामागून एक आले. मुळात यांचं काम शेअर विकत घेऊन ठेवायचं नाहीये. फंड एक कॉल विकत घेतो (ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घ्यायचा हक्क), त्याच स्ट्राइकचा पुट विकतो (म्हणजे समोरच्याला त्या भावाला शेअर आपल्याला विकायचा हक्क देतो), त्यामुळे शेअर हातात असल्यासारखी पोझिशन तयार होते, आणि बाकीचा पैसा अमेरिकन सरकारच्या ट्रेझरी बिलांत वगैरे पडून असतो. मग त्या पोझिशनवर थोड्या वरच्या भावाचे, कमी मुदतीचे कॉल विकायचे, त्याचा जो प्रीमियम, म्हणजे हक्काची किंमत, येईल त्यातून लोकांना वाटप करायचं. शेअर जितका उसळणारा तितका प्रीमियम जाडा, म्हणून टेस्ला, कॉइनबेस असलेच शेअर निवडतात. म्हणजे वाटपाचा मोठा आकडा कंपनी चांगली चाललीय म्हणून येत नाही, शेअर कुठेही जाऊ शकतो असं बाजाराला वाटतं म्हणून येतो.

आता कागद-पेन घ्या आणि हे गणित स्वतः करा, मामांना मी हेच करायला लावलं. समजा शेअर २०० डॉलरला आहे, फंडाने २१० चा कॉल विकून ६ डॉलर घेतले. शेअर २३० ला गेला तर शेअरवाल्याला ३०, फंडाला १० अधिक ६ म्हणजे १६. ठीक आहे, थोडं कमी मिळालं, चालेल म्हणाल. पण शेअर १६० ला आला तर? पुट विकलेला आहे, पूर्ण ४० ची घसरण फंडाने खाल्ली, वर ६ मिळाले, तोटा ३४. आता पुढच्या महिन्यात १६८ चा कॉल विकला, परत ६ घेतले, आणि शेअर उडी मारून पुन्हा २०० वर आला. शेअरवाला जिथे होता तिथेच परत. फंडाला मात्र या उडीतले फक्त ८ मिळाले, कारण १६८ च्या वरचं सगळं कॉल घेणाऱ्याचं. हिशोब लावा, २०० चे १६०, मग १६८, आणि तुमच्या खात्यात आलेले १२, एकूण १८०. शेअर शेवटी होता तिथेच आणि तुमचे २० गेले, आणि दोन्ही महिने मोबाइलवर 'पैसे जमा झाले' असा मेसेज आलाय! पडताना सगळं आपलं आणि चढताना थोडंसंच आपलं, असा हा सौदा आहे, आणि वर-खाली जितकं जास्त होईल तितकी ही गळती वाढते. (ही उदाहरणाची आकडेमोड आहे, खऱ्या फंडात स्ट्राइक आणि प्रीमियम सतत बदलतात.)

मग फंडाच्या वेबसाइटवर जाऊन दोन आकडे शेजारी शेजारी बघा. डिस्ट्रिब्यूशन रेट म्हणजे शेवटचं जे वाटप झालं ते वर्षभर तसंच होत राहील असं धरून काढलेला टक्का, पुढच्या वेळी तेवढंच येईल याची काहीही खात्री नाही. त्याच्या बाजूला '३०-डे एसईसी यील्ड' असतं (एसईसी म्हणजे अमेरिकेची सेबी), त्यात ऑप्शनचा, म्हणजे कॉल-पुटचा, प्रीमियम येत नाही, व्याजासारखं उत्पन्न खर्च वजा करून जे उरतं तेवढंच येतं, आणि तो आकडा फारच लहान दिसतो. खर्चही बघा, वर्षाला साधारण १ टक्का जातो.

वाटपासोबत '१९ए-१ नोटीस' निघते, वाटपाचा पैसा कुठून आला ते सांगणारी, ती उघडून 'रिटर्न ऑफ कॅपिटल', म्हणजे भांडवलाची परतफेड, किती टक्के लिहिलंय ते वाचा. हा अंदाज असतो, अंतिम आकडा वर्ष संपल्यावर कळतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ तोटा असाही नाही, पण रिटर्न ऑफ कॅपिटल मोठा आणि एनएव्ही (एका युनिटमागची फंडाच्या मालमत्तेची किंमत) पण घसरत चाललेली, असं दोन्ही दिसलं तर समजायचं की मुद्दलच हप्त्याहप्त्याने परत येतंय. म्युच्युअल फंडात एसडब्ल्यूपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची सोय) लावल्यावर जसं युनिट विकून पैसे येतात तसंच, फक्त इथे किती काढायचं ते तुम्ही ठरवत नाही.

चार्ट बघताना एक चूक बरेच जण करतात. नुसता भावाचा चार्ट बघितला तर वाटप धरलेलं नसतं आणि फंड आहे त्याहून वाईट दिसतो, नुसती वाटपाची बेरीज केली तर आहे त्याहून चांगला. 'टोटल रिटर्न', म्हणजे भाव अधिक वाटप, लावा आणि त्याच तारखेपासून मूळ शेअर शेजारी ठेवा. रिव्हर्स स्प्लिट झालंय का तेही शोधा. टीएसएलवायचं फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, दोन युनिटचं एक, आणि असं झालं की जुने भाव चार्टवर बदलून दिसतात.

टॅक्सचं थोडक्यात. भारतातून एलआरएसने (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवून घेत असाल तर अमेरिकेत डिव्हिडंडवर २५ टक्के आधीच कापले जातात, इथे स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, तिकडे कापलेल्याचं क्रेडिट मागावं लागतं, आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवायचीच. न्यू जर्सी, टेक्सासला राहणाऱ्यांनी १०९९-डीआयव्ही या डिव्हिडंडच्या टॅक्स फॉर्मचा बॉक्स ३ बघावा, तिथे जो आकडा असतो तेवढी तुमची खरेदी किंमत कमी होते, मग विकताना त्याचा टॅक्स समोर येतो.

मामांना मी एफडी मोडू नका असंच सांगितलं, घरखर्च ज्यावर चालतो तो पैसा यात नकोच. एवढं करूनही कुणाला घ्यायचाच असेल तर गेला तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम टाका, आणि एक्सेलमध्ये पहिल्या दिवसापासून तीन रकाने ठेवा. आजपर्यंत हातात आलेले पैसे अधिक युनिटची आजची किंमत हा पहिला, तेवढ्याच पैशात मूळ शेअर घेतला असता तर आज किती झाले असते हा दुसरा, आणि तेवढ्याच रकमेची एफडी हा तिसरा. दर महिन्याच्या १ तारखेला भरा, वाटप किती आलं ते बघायच्या आधी.